सगळे एकाच खोलीत

घरच्या घरी गाणं ध्वनिमुद्रित करायचं तर प्रत्येक वाद्य वेगळं नोंदवावं, गळाही एकट्याचा घ्यावा, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. मी ते शिकवलंही आहे. घरात छोटा स्टुडिओ मांडू पाहणारी गाणारी-वाजवणारी मुलं सल्ला विचारायला यायची, तेव्हा काय काय विकत घ्यायचं याची यादी मी लिहून द्यायचे आणि त्या यादीमागचं गृहीत हेच असायचं. आज मी त्यांना वेगळं सांगते. ख्याल, ठुमरी, नाट्यपद, अभंग, म्हणजे ज्या गाण्याला तबला-पेटीची साथ लागते ते गाणं घरातल्या छोट्या खोलीत सगळ्यांनी एकत्र बसूनच नोंदवावं. त्याला दोन मायक्रोफोन पुरतात आणि पैसेही बरेच वाचतात. हे मत का बदललं ते सविस्तर सांगायला हवं, कारण आधीचं मतही उगाच झालेलं नव्हतं.

आम्ही ज्या वयात कानात वारं भरल्यासारखे गाणी ऐकत होतो, त्या वयात ए. आर. रहमान आले. १९८९ मध्ये चेन्नईत त्यांनी आपल्या घराच्या आवारात 'पंचतन रेकॉर्ड इन' हा स्टुडिओ उभा केला आणि १९९२ मध्ये 'रोजा' आला. त्याआधी ध्वनिमुद्रण म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर ताडदेवचं फिल्म सेंटर यायचं, मोठा हॉल, रांगेनं बसलेले व्हायोलिनवादक, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. आता तेच काम घरात होऊ शकतं, आणि तेही एकावर एक थर चढवत, हा आमच्यासाठी मोठा साक्षात्कार होता. पुढे संगणक स्वस्त झाले. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि बरा कंडेन्सर मायक्रोफोन मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आला. 'ऑडॅसिटी' फुकट मिळतं, 'रीपर'सारख्या पूर्ण ताकदीच्या सॉफ्टवेअरचा वैयक्तिक परवाना साठ डॉलरला मिळतो. थोडे पैसे असलेल्या माणसाला एकेक ट्रॅकची पद्धत म्हणजे सरळ हिशेब होता: मायक्रोफोन एकच चांगला घ्या, त्याच्यासमोर आज तबला बसवा, उद्या पेटी, परवा गळा.

शिवाय लीकेजची भीती खरी होती. लहान खोलीत तबला आणि गायक एकत्र बसले की तबल्याचा आवाज गायकाच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो. मग मिश्रणाच्या वेळी गळा वर उचलला की तबलाही उचलला जातो. गायिकेनं एक सूर किंचित कमी लावला तर तेवढीच ओळ पुन्हा घेता येत नाही, कारण तिच्या मागे तबल्याची थाप चिकटलेली असते. एकेक वाद्य वेगळं घेतलं की हे सगळे प्रश्न मिटतात. ज्याला दुरुस्ती हवी आहे त्याच्यासाठी ती पद्धत आजही बिनतोड आहे.

माझी खोली पुण्यातल्या फ्लॅटमधली, दहा बाय दहा, उंचीही जवळपास तेवढीच. ध्वनिमुद्रणासाठी याहून अवघड आकार सापडणं कठीण. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ३.०५ मीटर अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्या भिंतींमध्ये अडकून घुमत राहतो, आणि त्याच्या दुपटी-तिपटीचेही. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची सारखी असली की हे तिन्ही दिशांचे घुमारे एकाच सुरावर येऊन पडतात. डग्ग्याच्या काही मिंडी त्यामुळे अंगावर येतात आणि काही नाहीशाच होतात. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून यातलं काहीही सुधारत नाही. पातळ फोमनंही नाही. फोम वरचे सूर तेवढे खातो, मग खोलीतली चमक जाते आणि घुमारा तसाच राहतो. खालचे सूर शोषायला जाडी लागते. चार इंच जाडीचं रॉकवूल लाकडी चौकटीत भरून, वर सुती कापड ताणून, कोपऱ्यांत आणि भिंतीपासून थोडं सुटं उभं करायचं. (रॉकवूल कापताना हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच, त्याचे तंतू टोचतात.) आणि याने बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही, त्यासाठी वजनदार दार आणि फटी बुजवणं लागतं, हेही सांगून ठेवते, कारण या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

पण तेव्हा मी एवढं करतच नव्हते. वाद्यं वेगळी घ्यायची, मायक्रोफोन अगदी जवळ धरायचा, म्हणजे खोली फारशी ऐकूच येत नाही, असा माझा मार्ग होता. जवळून घेतलेला कोरडा आवाज आणि नंतर सॉफ्टवेअरमधून चढवलेला रिव्हर्ब. मिळणाऱ्या आवाजाबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

शंकेची सुरुवात ताईंपासून झाली. ताई म्हणजे माझ्या गुरू. त्यांच्याकडच्या काही बंदिशी दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाहीत, म्हणून त्या त्यांच्याच आवाजात नोंदवून ठेवाव्यात असं आम्ही शिष्यांनी ठरवलं. मी माझ्या रीतीनं तयारी केली. काळी चारला ॲपवरचा तानपुरा लावला, त्यावर विलंबित एकतालाचा ठेका आधी भरून ठेवला, ताईंच्या कानांवर हेडफोन चढवले. त्यांनी स्थायी भरली, मुखडा घेऊन समेवर आल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "अगं, हा माझी वाटच बघत नाही."

त्यांना ठेक्याबद्दल म्हणायचं होतं. विलंबितात तबलजी मात्रा धरून ठेवतो खरा, पण गायिका एखाद्या सुरावर रेंगाळली की तो किंचित सैल होतो, मुखडा उचलताना तिला जागा देतो, सम येताना दोघं एकमेकांकडे बघून उतरतात. आधी भरलेल्या ठेक्यात ही वाट बघणं नसतं. मी त्यावर उपाय काढला: ताईंचा गळा फक्त तानपुऱ्यावर घेतला, हातानं ताल देऊन त्या गायल्या, आणि तबला-पेटी नंतर त्यावर चढवली. ऐकायला व्यवस्थित झालं. तबला प्रत्येक समेवर होता, पेटी प्रत्येक सुरावर होती. ताईंनी ऐकलं, "छान आहे" म्हणाल्या, आणि पुढच्या बंदिशी त्यांनी टाळायला सुरुवात केली. आज घसा बरा नाही, आज पाहुणे आहेत. मला वाटत होतं की वयामुळे दमत असतील.

त्याच सुमारास एका रसिक घरातल्या जुन्या स्पूल टेप्स डिजिटल करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. महाराष्ट्रात अशा टेप्स किती घरांत पडून आहेत हे त्यांच्यावर काम करणाऱ्यांनाच ठाऊक. स्वतःच्या पैशांनी स्पूल यंत्र विकत घेऊन बैठका नोंदवणाऱ्या हौशी माणसांचे आपल्या संगीतावर फार मोठे उपकार आहेत. कंपन्यांच्या तबकड्यांत राग तीन-चार मिनिटांत आटोपावा लागे, तोच राग तासभर कसा उलगडत होता हे आपल्याला या घरगुती टेप्समुळे कळतं. माझ्याकडे आलेल्या टेप्स एका मायक्रोफोनवर घेतलेल्या होत्या. खरखर होती, मधेच खोकला होता, तबला दूर होता. मी त्या साफ करायला बसले आणि साफ करायचं विसरून ऐकत राहिले.

मला तिथे ऐकू आली ती पेटी. गायकानं एखादी अनपेक्षित जागा घेतली की पेटी क्षणभर मागे राहायची, मग त्या जागेचं शेपूट पकडायची, आणि पुढच्या वेळी तीच जागा येईल तेव्हा तिथे आधीच तयार असायची. गायकाला हे कळत होतं, कारण तिसऱ्या वेळी त्यानं मुद्दाम वेगळीकडे वळून तिला चकवलं. तबलजीनं एका लहानशा तुकड्यानं त्यावर दाद दिली. हा सगळा संवाद एका मायक्रोफोननं टिपला होता. मग मी ताईंचं ध्वनिमुद्रण काढून ऐकलं. आमच्या पेटीवाल्या मुलानं उत्तम वाजवलं होतं, पण वाजवायच्या आधी त्यानं ताईंचा गळा चार-सहा वेळा ऐकला होता. ताई कुठे वळणार हे त्याला माहीत होतं. त्यामुळे त्याचे सूर ताईंच्या सुरांबरोबर एकाच क्षणी उमटत होते. मागे राहणं नव्हतं, पकडणं नव्हतं. आणि ताईंना तर गाताना पेटी ऐकायलाच मिळाली नव्हती, मग चकवणार कोणाला?

साथ हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यातली अट लक्षात राहत नाही. साथ करणाऱ्याला गाणं आत्ता, पहिल्यांदा ऐकू यावं लागतं आणि गाणाऱ्यालाही साथ तेव्हाच ऐकू यावी लागते. एकेक ट्रॅकच्या पद्धतीत जो आधी नोंदवला जातो तो ठाम, आणि नंतरचा त्याच्या मागे. आधी ठेका भरला की गायिका तबल्याच्या साथीला बसते. आधी गळा घेतला की साथीदार पाठांतर वाजवतो. कोणताही क्रम लावा, दोघांतल्या एकाचे कान बंदच राहतात. हे पटल्यावर माझ्या जुन्या मताला धरून राहण्यासारखं काही उरलं नाही. दुरुस्तीची सोय ही माझ्यासारख्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाची गरज होती. ताईंची गरज समोर बसलेल्या माणसाची होती.

मग आठवलं की एकत्र बसून नोंदवणं हीच मुळातली रीत आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहरजानचा आवाज नोंदवला, तो हॉटेलातल्या एका खोलीत तात्पुरत्या मांडलेल्या स्टुडिओत. मायक्रोफोन नव्हता, फक्त कर्णा. त्याच्यासमोर गायिका सर्वांत जवळ, साथीदार मागे. कोणाचा आवाज किती यावा हे प्रत्येकजण कर्ण्यापासून किती दूर बसतो यावर ठरायचं. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये सुरू झालं, पण एकत्र बसणं त्यानंतरही पुष्कळ वर्षं टिकलं. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये 'गीतरामायण' आठवड्याला एक गीत अशा वेगानं श्रोत्यांपर्यंत गेलं, त्या काळात आकाशवाणीत एकेक वाद्य सुटं नोंदवण्याची सोयच नव्हती. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात गेली, तीही साथीदारांबरोबर एका दमात गायलेली तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी आहे. हे सगळं मला माहीत होतं. मी ते साधनांच्या अभावाचा इतिहास म्हणून वाचत आले होते, बसण्याची एक पद्धत म्हणून त्याकडे पाहिलं नव्हतं.

आता माझ्या खोलीत काय चालतं ते सांगते, कारण पैशांचा प्रश्न इथेच सुटतो.

आठ इनपुटचा इंटरफेस लागत नाही, दोन इनपुटचा पुरतो. प्रत्येकासाठी हेडफोन आणि ते चालवणारा वेगळा ॲम्प्लिफायर लागत नाही, कारण गाताना कोणाच्याच कानांवर काही नसतं. माझ्याजवळ एक बंद कपांचा हेडफोन आहे, तो फक्त मी वापरते. मायक्रोफोन दोन, एकाच जातीचे, लहान डायफ्रामचे कंडेन्सर. त्यांना इंटरफेसमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा मिळतो. एका स्टँडवर दोघांची तोंडं एकमेकांना नव्वद अंशांत, डबीला डबी जवळजवळ टेकवून लावायची. दोन्ही मायक्रोफोन एकाच जागी असल्यानं आवाज दोघांपर्यंत एकाच वेळी पोचतो, म्हणून हे ध्वनिमुद्रण मोबाइलच्या एका स्पीकरवर ऐकलं तरी पोकळ वाटत नाही. वाचलेले पैसे मी रॉकवूलमध्ये घातले. सुताराकडून दोन बाय चार फुटांची पॅनेलं करून घेतली. चार कोपऱ्यांत, दोन गायिकेच्या मागे, आणि एक छताला साखळीनं टांगलेलं, मायक्रोफोनच्या बरोबर वर. ज्या पद्धतीत मायक्रोफोन तीन-चार फूट लांब असतो तिथे खोली ऐकू येणारच, त्यामुळे खोलीवर खर्च करण्याला पर्याय नाही. मायक्रोफोन, इंटरफेस, पॅनेलं आणि स्टँड मिळून साधारण पन्नास हजार गेले. संगणक घरात होताच. तारा आणि सॉकेटं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणून मी स्वतःच डाग देऊन घेते.

विजेचं एक सांगते. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नीट नसेल तर ५० हर्ट्झची गुणगुण सगळ्या मेहनतीवर बसते. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग दुकानात जा. आणि नोंदवताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

खरं काम बसवण्याचं आहे. मिरजेचा तानपुरा गायिकेच्या मागे. गायिका मायक्रोफोनपासून तीन फुटांवर. पेटी तिच्या डाव्या हाताला, थोडी मागे आणि अशी वळवलेली की भात्याची फसफस मायक्रोफोनकडे येणार नाही. तबला उजवीकडे, पाच-सहा फुटांवर, खाली जाड गोधडी. अंतर दुप्पट केलं की थेट पोचणारा आवाज सहा डेसिबलनं उतरतो, म्हणून इथे प्रत्येकाची जागा हीच त्याची आवाजाची कळ. दोन मिनिटं गाऊन घ्यायचं, ऐकायचं, तबला वीतभर मागे, पेटी चार बोटं पुढे, पुन्हा गाऊन घ्यायचं. नोंद २४ बिटची ठेवली की पातळी खूप वर नेण्याचा अट्टहास लागत नाही. सर्वांत जोरकस तान उणे बारा डेसिबलच्या खाली राहिली तरी चालतं, खरखर वर येत नाही. या मांडामांडीत तासभर सहज जातो. भाड्याच्या स्टुडिओत त्या तासाचे पैसे लागतात आणि सगळे घड्याळाकडे बघत असतात. घरी त्या तासात चहा होतो, तबला नीट सुरात लागतो आणि ताईंचा गळाही तापतो.

पहिल्यांदा असं बसलो तेव्हा ताईंनी मायक्रोफोनकडे एकदाच पाहिलं आणि नंतर त्यांचं लक्ष तबल्यावरच राहिलं. मुखडा उचलताना त्यांनी भुवई वर केली, तबल्याच्या सरांनी मान हलवली, आणि दोघं समेवर आले. त्या दिवशी एका बंदिशीसाठी बोलावलं होतं, त्यांनी न सांगता दुसरीही गायली. टाळाटाळ संपली होती आणि वयाचा काही संबंध नव्हता हे मला कळलं.

तबल्याच्या सरांना मात्र ही पद्धत लगेच पटली नाही, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. पूर्वी त्यांची चूक झाली तर फक्त त्यांना पुन्हा वाजवावं लागे. आता पेटीचा एक सूर घसरला तरी सगळ्यांना पुन्हा यावं लागतं. त्यावर आम्ही एक मार्ग काढला. सगळे एकत्र बसून दोन-तीनदा गातात, आणि जोडणी करायचीच असेल तर ती समेवर करायची, सगळ्यांचा आवाज एकदम कापून. लय सारखी असेल तर आवर्तनाच्या तोंडाशी सांधा लागून जातो, कारण तिथे सगळेच नव्यानं सुरुवात करत असतात. एकट्या गळ्याचा बेसूर तुकडा उचलून नवा बसवणं आता शक्य नाही. तो सूर तसाच राहतो. ताई म्हणतात, राहू दे. मलाही आता तसंच वाटतं. शिष्यांना कळायला हवं की इतक्या अवघड जागी ताईंचाही सूर कधी हलतो.

एकेक ट्रॅकची पद्धत मी टाकून दिलेली नाही. भावगीताला व्हायोलिनचे थर हवे असतील, संगीतकार पुण्यात आणि गायिका न्यू जर्सीत असेल, तर दुसरी कोणती रीत चालणारच नाही, आणि तिथे गाणं आधीपासून थरांतच रचलेलं असतं, त्यामुळे कोणाचं काही हरवत नाही. तशा कामासाठी कोणी सल्ला मागितला तर जुनीच यादी देते. फक्त यादी देण्याआधी विचारते की गाणं कोणतं आहे आणि साथीला कोण आहे.

वारकरी भजनाचं उत्तर मात्र माझ्या खोलीजवळ नाही. पखवाज आणि आठ-दहा टाळ त्या दहा बाय दहात वाजले की पॅनेलं कितीही लावा, टाळांच्या झणत्कारात शब्द बुडतात. त्यांना अंतर हवं, आणि अंतराला जागा हवी. आमच्या भागातल्या विठ्ठल मंदिराचा सभामंडप लांबट आहे, छत लाकडी आहे, रात्री दहानंतर रस्ता शांत असतो. पुजारीबुवांनी एकादशी सोडून कोणत्याही दिवशी या असं सांगितलं आहे. तेच दोन मायक्रोफोन, तोच इंटरफेस, बॅटरीवरचा लॅपटॉप आणि दोन गोधड्या घेऊन पुढच्या आठवड्यात भजनी मंडळाबरोबर तिथे बसणार आहे. टाळकरी मागच्या खांबांपाशी, पखवाज मधे, बुवा पुढे, असा अंदाज आहे. नेमकं कोणी कुठे बसायचं ते तिथे ऐकून ठरवू.